मालिनीकाकूंच्या मुठीतली घंटा

मित्रांनो, स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. मी पितळेची, मुठीहून थोडी मोठी, बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा आहे. कडेला एक पोचा आहे आणि पोटात लोखंडाची जीभ. ती जीभ सारखी काहीतरी बोलायला टपलेली असते. आत्तासुद्धा मी गाडीच्या मागच्या सीटवर हातमोज्यांच्या ढिगाखाली पडले आहे, तरी प्रत्येक वळणावर किणकिणते आहे. स्टिअरिंगमागून अतुलकाका म्हणतात, "हिला कशात तरी गुंडाळ गं." मालिनीकाकू म्हणतात, "राहू दे. तिला कळलंय, आज शनिवार आहे."

माझा जन्म सांगलीकडचा. एका ओताऱ्याने मातीच्या साच्यात तापलेलं पितळ ओतलं, मी गार झाले, आणि त्याने मला पहिल्यांदा हलवलं. त्या आवाजावर त्याने मान डोलावली, एवढंच माझं बारसं. पुढे मालिनीकाकूंच्या माहेरी मी एका पांढऱ्या बैलाच्या गळ्यात राहिले. तो चालला की मी बोलायचे, तो उभा राहिला की कान हलवून मला बोलतं ठेवायचा. बांधावरून जाणाऱ्या बायका आमच्यावर ओव्या रचायच्या. त्यांचं ऐकून मीही माझी एक रचली:

पितळेची माझी काया, जिभेला नाही थारा
हालते मी तेव्हा हाले, अंगणातला वारा

बैल म्हातारा होऊन गेला, दाराशी ट्रॅक्टर आला. मग मालिनीकाकूंनी मला जुन्या साडीत गुंडाळून बॅगेत घातलं आणि मी थेट सातासमुद्रापार नेपरव्हिलला येऊन पोचले. इथे बैल नव्हते, पण काकूंचा मुलगा राजस होता. तो तळघरात खेळत बसायचा. वरून कितीही हाका मारा, खाली पोचायच्या नाहीत. एके दिवशी काकूंनी जिन्याच्या तोंडाशी मला वाजवलं. धाडधाड पायऱ्या चढत पोरगं हजर. "व्हॉट्स फॉर डिनर?" तेव्हापासून तो रोजचा रिवाजच झाला. भात लावायचा, ताटं घ्यायची, मला वाजवायचं. त्या भातावर राजस असा वाढला, की दारातून आत येताना मान वाकवू लागला.

आणि मग तो मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या कॉलेजात गेला आणि फुटबॉल खेळू लागला. हा इथला फुटबॉल, अंड्यासारख्या चेंडूचा; तो हातात धरून समोरच्यांच्या टोकाची रेघ ओलांडायची. दोन्ही बाजूंची दांडगी पोरं समोरासमोर वाकून उभी राहतात. ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांचा म्होरक्या ओरडून इशारा देतो, आणि तो इशारा मिळेपर्यंत त्यांच्यातल्या कुणी हलायचं नसतं. कुणी हललं, की पंच पिवळं फडकं टाकतो आणि सगळ्यांना मागे ढकलतो. राजसचं काम म्हणजे पुढच्या रांगेत उभं राहून समोरच्याला अडवायचं. अतुलकाका म्हणायचे, "चार वर्षांत बॉलला हात लावला नाही, आणि म्हणे फुटबॉल खेळतो."

त्या टीमच्या मागे एक बूस्टर क्लब होता. म्हणजे पोरांचे आईबाप, जुने विद्यार्थी आणि गावातली माणसं. मॅचच्या आधी ते पार्किंग लॉटमध्ये शेगडी पेटवून सगळ्यांना खाऊ घालायचे. मग मैदानाच्या दाराशी समोरासमोर दोन रांगा करायचे. त्या माणसांच्या गल्लीतून पोरं धावत आत जायची आणि प्रत्येकाच्या पाठीवर थाप पडायची. क्लबचा कारभार डेलकाकांकडे होता. ते कधीकाळी याच मैदानावर खेळलेले, आता गुडघ्यांनी हैराण. मालिनीकाकूंच्या बटाटेवड्यांना ते 'पिवळे बॉम्ब' म्हणायचे आणि तीन-तीन खायचे.

राजसचं शेवटचं वर्ष मात्र वाईट निघालं. कोच सोडून गेला, म्होरक्याचा खांदा निखळला, आणि टीम हरत सुटली. हरणाऱ्या पोरांची गल्ली आखूड होत जाते, मित्रांनो. कुणाला अंगणातली पानं गोळा करायची असतात, कुणाकडे पाहुणे येतात. काकूंना ते बघवेना. "माणसं कमी झाली, तर आवाज तरी वाढवू," म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा मैदानावर नेलं. माझा जीव नुसता वळवळत होता. इतकी वर्षं एका जिन्यासाठी वाजले, आज आख्खं मैदान होतं.

त्या दिवशी आमची पोरं जिंकण्याच्या अगदी जवळ आली. शेवटची काही मिनिटं, चेंडू आमच्याकडे, समोर थोडंसंच मैदान. आणि आमची सगळी माणसं एकदम गप्प झाली.

मालिनीकाकूंना वाटलं, यांचा धीर सुटला. तीन वर्षं त्यांनी प्रत्येक मॅच डोळे मिटून, कानांवर हात ठेवून पाहिली होती, कारण पोराला कुणी आदळलेलं त्यांना पाहवत नसे. म्हणून त्यांना ठाऊकच नव्हतं, की आपल्याकडे चेंडू असला की इथे मुद्दाम गप्प बसतात. पोरांना म्होरक्याचा इशारा ऐकू यावा म्हणून. आपल्या माणसाची कसोटी आली की वाजवायचं, एवढंच काकूंना माहीत. त्यांनी मला उचललं आणि जीव खाऊन वाजवलं.

आणि राजस निघाला.

इशारा व्हायचा होता. बाकी सगळे जागच्या जागी होते. फक्त राजस, जिना चढावा तसा, धाडकन पुढे गेला. पिवळं फडकं पडलं. पोरं मागे ढकलली गेली, मनातून खचली, आणि जवळ आलेली मॅच हातची गेली.

राजस रागावला नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "मॉम, इट्स फाइन. आय हर्ड इट अँड आय वेंट. जस्ट, डोन्ट ब्रिंग द बेल, ओके?" पण जोडीदार पोरांनी त्याला सोडलं नाही. तो दिसला की, "राज, डिनर इज रेडी." काकूंच्या कानावर ते आलं. त्यांनी मला गॅरेजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी खिळ्याला अडकवलं, आणि स्वतःही मैदानावर जायचं सोडलं. घरी ताटं घेतानाही कुणी मला हात लावेना.

मित्रांनो, खिळ्याला अडकलेल्या घंटेचे हाल काय सांगू? गॅरेजचं दार वर गेलं की मी थरथरायचे. रस्त्यावरून कचऱ्याचा ट्रक गेला की जीभ कडेपर्यंत यायची आणि तशीच मागे फिरायची. शनिवार आला की अतुलकाका एकटेच गाडी काढायचे आणि एकटेच परत यायचे. "हरले," म्हणायचे, आणि बूट काढायचे.

शेवटच्या मॅचला काही दिवस उरले असताना डेलकाका गॅरेजच्या दारात आले, काकूंचा राहिलेला डबा परत द्यायला. डबा रिकामा परत करू नये असं काकूंनी कधीतरी सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. आत सफरचंदं होती. ते इंग्रजीत बोलले, मी माझ्या भाषेत सांगते.

"शनिवारी येणार ना? राजसची शेवटची मॅच आहे."

"मी घरूनच बघते," काकू म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर दिसतं सगळं. मी तिथे आले की पुन्हा काहीतरी बिघडवीन."

डेलकाकांची नजर माझ्यावर गेली. "ही ती घंटा?" त्यांनी मला बोटाने टिचकी मारली. मी इतकी आसुसलेली होते, की सगळं गॅरेज घुमलं. "बाप रे. एवढी चांगली घंटा आणि खिळ्याला? अहो, समोरच्यांकडे चेंडू असतो तेव्हा हिची गरज आहे आम्हाला. माझ्याकडे आता थोडेच गळे उरलेत, तेही थंडीने बसलेले."

"दुसऱ्याच्या कानात कशाला वाजवायचं? आमच्याकडे आपल्या माणसासाठी वाजवतात."

"इथे आपल्या माणसासाठी गप्प बसतात," डेलकाका म्हणाले. "आणि खरं सांगू? ते जास्त अवघड आहे. मला अजून जमत नाही, बायको माझ्या तोंडात सँडविच कोंबते."

काकू हसल्या. किती दिवसांनी. मग त्यांनी राजसला फोन लावला. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "ओन्ली व्हेन दे हॅव द बॉल. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मला खिळ्यावरून खाली काढलं.

शनिवारी बर्फ भुरभुरत होतं. गल्ली इतकी आखूड, की पोरं दोन ढांगांत पार झाली. एक पोरगा जाता जाता मला बघून म्हणाला, "राज, युवर मॉम ब्रॉट द किचन." राजसने मान वर केली नाही.

समोरच्यांकडे चेंडू आला. डेलकाकांनी खूण केली. अन् मी वाजले, मित्रांनो. बैलाच्या, जिन्याच्या, गॅरेजच्या, सगळ्या वर्षांचं एकदम वाजले. त्यांच्या पोरांना आपल्या म्होरक्याचं ऐकू येईना. त्यांच्यातला एक भलताच आधी हलला आणि पिवळं फडकं पडलं. या वेळी त्यांच्यासाठी. आमची गारठलेली माणसं उठून उभी राहिली.

मॅच अशी रेटत रेटत शेवटाला आली. आम्ही थोडक्याने मागे, चेंडू आमच्याकडे, एकच संधी, समोर हातभर मैदान. अगदी तीच वेळ. माझी जीभ वळवळू लागली. काकूंचं मनगटही उसळलं, मला कळलं. पण त्यांनी हातमोजा काढला, नुसत्या मुठीत माझी गार जीभ पकडली, आणि डोळे उघडे ठेवले.

पितळेची माझी काया, जिभेला मिळे थारा
मालिनीच्या मुठीमध्ये, निजला गं सारा वारा

आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या माणसासाठी गप्प होते, आणि पहिल्यांदा मला ऐकू आलं. बर्फ पडतानाचा बारीक आवाज. पोरांचे श्वास. म्होरक्याची हाक. आणि राजस हलला नाही. तो इशाऱ्याची वाट बघत राहिला, आणि इशारा होताच असा उसळला, की समोरच्या रांगेत खिंड पडली. चेंडूवाला त्या खिंडीत झेपावला.

रेघेला वीतभर कमी पडला.

मॅच संपली. एकही न जिंकता वर्ष संपलं. राजस बर्फात गुडघ्यांवर बसून राहिला. लोक घोंगड्या गोळा करू लागले, तेव्हा डेलकाका ओरडले, "कुठे निघालात? रांगा करा." मॅचनंतर कधी रांगा केल्या नव्हत्या. माणसं कुरकुरली, मग कुंपणाशी दोन्ही बाजूंना उभी राहिली.

काकूंनी मूठ उघडली आणि मला वाजवलं. मॅचसाठी नाही. जिन्याच्या तोंडाशी वाजवायच्या तसं.

राजसने मान वर केली. उठला, आणि ते एवढं धूड बर्फ तुडवत, धाडधाड, सरळ आमच्याकडे धावत आलं. चेहरा ओला होता. "व्हॉट्स फॉर डिनर?"

"आधी ते हेल्मेट काढ," काकू म्हणाल्या. "वरणभात. आणि वडे उरलेत."

त्याच्यामागून चिडवणारा पोरगा आला, मग दुसरा, मग सगळेच. प्रत्येकाच्या पाठीवर थाप पडली, आणि सगळे वडे संपले.

राजस आता दूर रेडमंडला नोकरी करतो. काका-काकू मात्र अजून शनिवारी निघतात, दुसऱ्यांच्या पोरांसाठी. म्हणून तर मी या गाडीत आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात खिळ्याला अडकलेलं कुणीतरी असेल. चुकीच्या वेळी एकदा वाजलं म्हणून ठेवून दिलेलं. त्याला पुसून शोभेच्या कपाटात ठेवू नका, तिथे माझ्यासारख्यांना झोप येत नाही. खाली काढा, बरोबर न्या. केव्हा वाजायचं ते सांगा, आणि जेव्हा गप्प राहायचं असेल तेव्हा, थंडी असली तरी, हातमोजा काढून मुठीत धरा.

गाडी थांबली. शेगडीचा वास येतोय. काकू, लवकर उचला मला.