बिटाजवळची काळी नळी

आमच्या झेलेना गावात माणसं चौदा आणि बीट एक. बीट सिमेंटचं, दुमजली घराएवढं. ओरिसियाच्या नवऱ्यानं, मेत्रोनं, ते बांधलं आणि होता तोवर दर मे महिन्यात शिडी लावून रंगवलं. आता रंग उडालाय. तरी उन्हाळ्यात मोटारी थांबतात, लोक बिटाला टेकून फोटो काढतात आणि शेजारच्या टपरीत ओरिसिया त्यांना बोर्श्त, म्हणजे बिटाचं सूप, वाढते. बाकी इकडे गहू, तिकडे गहू, मधे वारा.

गेल्या वसंतात पत्र आलं. वर्दळ नसलेल्या रस्त्यांचं डांबर उखडून खडी टाकणार. आमच्या रस्त्याची पाहणी होणार. खडीवर शहरातली मोटार कशाला येते? ओरिसियानं पाहणीच्या साहेबासाठी खसखशीचे रोल भाजून ठेवले.

साहेब आला नाही. जूनमध्ये एका सकाळी बिटाच्या अलीकडे रस्त्यावर आडवी काळी रबरी नळी दिसली, कडेला कुलूपबंद पेटी.

"काय असेल हो, कूमे?" ओरिसियानं विचारलं. तिच्या लेकीचा मी धर्मपिता, म्हणून ती मला कूमे म्हणते.

"पाण्याचं काहीतरी असेल," मी म्हणालो. मी या गावाचा महापौर. काहीतरी म्हणणं भाग होतं. "सरकारी वस्तू आहे. आपल्या ट्रकखाली फुटली तर पाहणीआधीच नाव खराब. सगळ्यांनी शेतातल्या वाटेनं जा."

सगळे गेले. धूळ खात, चाकं रुतवत गेले. ओरिसिया तर ॲप्रन हलवत रस्त्यात उभी राहायची आणि पाहुण्यांच्या मोटारीही वळवायची. "इकडून या हं, बाळांनो, नळी सांभाळून!"

दोन आठवड्यांनी पिवळ्या जाकिटातली एक बाई आली. तिनं पेटी उघडली.

"नऊ गाड्या," ती म्हणाली. "गाव उठलं की काय?"

"नऊ? अहो, परवा एका दुपारी वीस होत्या!" मी म्हणालो.

"मग नळीवरून का नाही गेल्या?"

"फुटू नये म्हणून."

बाई नळी गुंडाळता गुंडाळता थांबली. "आजोबा, ती तुडवायलाच असते. चाक गेलं की एक गाडी मोजली जाते."

त्या नऊ रविवारच्या असणार. रविवारी सकाळी ओरिसिया प्रार्थनेला जाते.

"परत लावा की," ओरिसिया पुढे झाली. "आत्ता तुडवतो आम्ही. मी पायानं तुडवते, बघा!"

"पायाचं धरत नाही, आजी. पुढची मोजणी पाच वर्षांनी." बाईनं रोल मात्र घेतला. चांगला झालाय म्हणाली.

ऑगस्टमध्ये यंत्र आलं. डांबर कोरड्या पापडासारखं निघालं. मग आठवडा गेला, दुसरा गेला, बोर्श्तचं पातेलं रोज भरलेलंच उतरलं. तिसऱ्या आठवड्यात ओरिसियाची लेक तिला शहरात न्यायला आली.

ओरिसियानं टपरीची चावी माझ्या हातावर ठेवली. टपरी गावाची.

"मी काय करू हिचं?"

"सांभाळा, कूमे. सरकारी वस्तू तुम्हाला छान सांभाळता येतात."

ती हसली नाही. रागावलीही नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या कॉलरवरचं कुसळ काढलं आणि गाडीत बसली.

आता गावात माणसं तेरा.