खेचलेला सूर

"नुरूभाय, टॉवेल दाराखाली नीट कोंब. गॅस काय तुझ्या गिटारीला विचारून आत येणार हाय?"

शंकर गुहागरचा, जिभेला हाड नाही. बोलता बोलता तो खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी लावत होता. सौदीतल्या धाहरानवर इराकच्या क्षेपणास्त्रांचा भोंगा वाजला की विषारी गॅसच्या भीतीनं दोघं खोली बंद करून बसायचे.

नूरुद्दीन एसी मेकॅनिक. रत्नागिरी सोडल्यावर झालेली पोरगी, निदा, त्यानं फोटोतच पाहिलेली. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाकडे, आणि लढाई पेटताच कफील कुठे गडप झाला, अल्लाच जाणे!

गिटार वॉल्टरची. हा तेल कंपनीच्या कॅम्पातला म्हातारा काळा अमेरिकन. जन्मभर ब्लूज, काळ्यांची ती दुःखाची गाणी, वाजवून पोट भरेना म्हणून वाळवंटात आलेला. एसी दुरुस्तीला गेलेल्या नूरुद्दीनला त्यानं ती वाजवायला शिकवलं. नूरुद्दीननं एसीच्या तांब्याच्या नळीचा तुकडा कापून दिला. तो बोटात घालून तारेवर सरकवला की सूर माणसासारखा कण्हायचा. "आमच्या गुलाम बापजाद्यांना पळता येत नव्हतं, म्हणून ते हे वाजवायचे," वॉल्टर सांगायचा. लढाईच्या तोंडावर मायदेशी जाणाऱ्या विमानात बसण्याआधी गिटार आणि नळी त्यानं नूरुद्दीनच्या हवाली केली.

शंकरला मात्र त्याच्या मालकाकडून पासपोर्ट मिळाला होता. "उद्या निघतोय. वैनीला कॅसेट भरून दे."

नूरुद्दीन आणि त्याची बायको सफूरा यांच्यात एकच कॅसेट ये-जा करायची. आलेलं ऐकायचं, त्यावरच आपलं भरायचं.

नूरुद्दीननं बटण दाबलं. "सफूरा, मी मजेत..." खोटं तरी किती बोलायचं? त्यानं गिटार ओढली. एरवी 'रडगाणं' म्हणून टर उडवणारा शंकर मान खाली घालून बसला. "थांबू नको रे," एवढंच पुटपुटला.

लढाई संपली, कफील परतला. पासपोर्ट मागितला की "बुकरा, बुकरा" करायचा. त्याचा तो उद्या काही उजाडेना.

मग सफूराची कॅसेट आली. नवी कोरी.

"तुमी काय बोललात नाय, तरी सगळा समजला. तुमचा वाजवलेला पुसायला माझा हात धजला नाय, म्हणून ही दुसरी घेतली. निदा त्याच्याशिवाय झोपत नाय. ऐका."

बोबडं गुणगुणणं सुरू झालं. वॉल्टर जिथे सूर खेचायचा, नेमका तिथेच पोरीनं खेचला. नूरुद्दीन हमसून हमसून रडला.

जबाब भरायला सवयीनं बोट बटणावर गेलं. त्यानं ते मागे घेतलं. कॅसेट बाहेर काढली आणि तांब्याच्या नळीच्या कडेनं तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. आता तिच्यावर कुणालाच काही भरता येणार नव्हतं.