पंपच गेलाय

दादाची जुनी व्हॅन महिनाभर वळताना कण्हत होती. "स्टीअरिंग जड झालंय," एवढंच दादा म्हणत होता. मी त्याची धाकटी बहीण, गाड्या दुरुस्त करते. एरवी अशी तक्रार ऐकली की पाना घेऊन धावते. पण त्याच्या उजव्या हातातून कप निसटताना मी पाहिला होता. हल्ली शर्टाची बटणंही वहिनीच लावायची. डॉक्टरचं नाव काढलं की साहेब अंगावर येत, "मला काय धाड भरलीय?"

लोकांचं सामान वाहून त्याचं घर चालतं. गाडी चालवणं सुटलं तर हा माणूस घरात बसून झुरून मरेल. म्हणून बॉनेट उघडताना मी एकच मागणं मागितलं, दोष स्टीअरिंग हलकं करणाऱ्या तेलाच्या पंपात निघू दे, त्याच्या हातात नको.

आणि निघाला की! पंपाखाली तेलाचा ओघळ, पुली डुगडुगतेय. मी आनंदाने ओरडलेच, "दादा, पंपच गेलाय!"

"मग मी महिनाभर काय बोंबलतोय?"

नवा पंप आणला, नवी पुली आणली. पुली पंपाच्या दांड्यावर घट्ट बसवावी लागते. दादाने हातोडी उचलली, तीही डाव्या हाताने. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"खबरदार ठोकलीस तर! आतून पंपाचं वाटोळं होईल."

स्क्रूचं हत्यार लावून मी पुली हळूहळू दाबत नेली.

"आज बसवणार आहेस ना?"

"गप बस रे! मेलं, एक काम धड करू देत नाही."

पट्टा चढवला, तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले, आतली हवा निघून तेलातले बुडबुडे थांबेपर्यंत. मग चाकं खाली घेतली, इंजिन सुरू केलं. कण्हणं बंद! स्टीअरिंग माझ्या एका बोटाने फिरत होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बस आता चालवायला," मी दादाला म्हटलं, आणि शेजारी चढले.

डावा हात गिअरवर, उजवा स्टीअरिंगवर. गाडी फाटकाकडे निघाली. वळायची वेळ आली आणि त्याचा उजवा हात स्टीअरिंगवरून घसरत मांडीवर पडला. गाडी सरळ खांबाकडे.

"ब्रेक! अरे ब्रेक मार!"

थांबलो, अगदी थोडक्यात. तो समोर बघत राहिला.

"अजून जडच आहे गं. हवा राहिली असेल आत."

"नाही राहिली! मी स्वतः काढलीय ना!" मी किंचाळले, आणि लगेच जीभ चावली.

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि परत स्टीअरिंगवर ठेवला.

"तरी एकदा बघ ना, छकुली," तो म्हणाला. जन्मात कधी माझ्यापुढे न वाकलेला माझा दादा विनवत होता, आणि बदलण्यासारखं होतं ते सगळं मी बदलून बसले होते.