एकमेकांचा आकडा

डॉक्टरांची गाडी महिन्यातून दोनदा गावात येते आणि रामालयाच्या मंडपाशी थांबते. गोळ्या द्यायच्या आधी नीलवेणी नर्स कागद घेऊन बसते. चालता येतं का, झोप लागते का, मन कशात रमतं का, आणि शेवटी तब्येत शंभरपैकी किती?

आमच्याकडे स्वतःला बरं म्हटलं तर दृष्ट लागते, वाईट म्हटलं तर देवीचा अपमान होतो. म्हणून सगळं गाव एकच सांगतं, "चाललंय आईच्या कृपेने." कंटाळून नीलवेणीने रीतच बदलली. बायकोचा आकडा नवऱ्याने सांगायचा, नवऱ्याचा बायकोने.

इथंच माझी पंचाईत झाली. आमचा मुलगा संन्यासी राव विशाखापट्टणमला असतो. त्याने बजावलं होतं, "नान्ना, कुणाचाही आकडा पन्नासच्या खाली गेला की दोघांनाही इकडे आणणार." माझ्या बायकोला, पैडितल्लीला, गाव सोडायचं नाही. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव घुसमटतो.

पण तिची साखर उतरत नाही, तळव्यांची आग होते. जन्मभर हरिकथा ऐकलेला मी, रामाच्या दारात खोटं कसं बोलू?

"बाबाय, बोला लवकर, मागे रांग आहे," नीलवेणी म्हणाली.

"चाळीस," मी मान खाली घालून म्हणालो.

कागदावर तो लिहून नीलवेणी पैडितल्लीकडे वळली.

"पिन्नी, आता यांचा."

माझी कसली चिंता? साखर नाही, दाब नाही.

"तीस," ती म्हणाली.

"अगं, राग आला म्हणून काहीही?"

"राग कसला! तीन महिने ताटात अर्धा भात तसाच. हरिकथेत दासू गमतीचं आख्यान लावतात, अख्खा मंडप हसतो, हे आपले खांबाकडे बघत. यांचा सोबती जानकीराम गेला तेव्हापासून. विचार, शेवटचं कधी गुणगुणले?"

मला आठवेना. मी तर स्वतःला ठणठणीत समजत होतो.

"रिपोर्ट यांचे चांगले आणि आकडा यांचाच कमी? आजारी नक्की कोण?" नीलवेणीने कपाळाला हात लावला.

"संसारच आजारी दिसतोय!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

नीलवेणीकडून आकडे कळताच संध्याकाळी मुलाचा फोन आला. "नान्ना, सामान बांधा."

"बाळा, माझा आकडा मलाच कळला नाही, तुला तिथून काय कळणार? चार दिवस येऊन राहा. मग तू म्हणशील ते ऐकू."

"आणि मी साठ म्हटलं तर?"

"तर मुकाट परत जा!" पैडितल्ली मागून ओरडली.

शनिवारी येतोय तो. पैडितल्ली अंगणात न लंगडता चालायचा सराव करतेय. मला म्हणते, तुम्ही हसायचा करा. सकाळपासून करतोय. येणारं हसू खरं की खोटं, तेच कळत नाही. मघाशी तिचं ते ताठ चालणं बघताना एकदा बहुधा खरं आलं.