मागावरच्या जाहिराती

काखेत गाठ हाताला लागली, तेव्हा शिंपिणीनं घरात ब्र काढला नाही. नवरा कामावर गेल्यावर तिनं घरच्या कॉम्प्युटरवर कॅन्सरबद्दल वाचलं आणि काय वाचलं त्याची यादीही पुसून टाकली.

पण दुसऱ्या दिवशी नवरा बातम्या वाचायला बसला, तर प्रत्येक बातमीच्या कडेला कॅन्सरच्या दवाखान्यांच्या आणि केसांच्या टोपांच्या जाहिराती. शिलाई मशीनवर बसलेल्या तिला त्या तिथूनही दिसल्या. तो मात्र बराच वेळ कॉम्प्युटरवर खुडबुड करत राहिला.

शेवटी म्हणाला, "अगं, दुसरा ब्राउझर घातलाय. फुकट आहे, पण आपण काय वाचतो त्याच्या मागावर राहणाऱ्या जाहिरातवाल्यांना अडवतो. बंद केला की सगळं विसरेल, असंही करून ठेवलंय. आता जाहिराती पाठीस लागायच्या नाहीत. हवं ते खुशाल वाच."

"आणि तुम्ही?"

"मी विचारणार नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग."

तिनं मशीन थांबवलं. कालपासून ओठांवर येऊन परत जाणारं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. त्यानं तिचा हात धरला.

मग दोघांनी शेजारी बसून तपासणीची वेळ घेतली. गाठ वाईटच निघाली. पण वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.