पंच्याऐंशीवर थांबायचं

आमच्या पवनचक्क्यांच्या वीजकेंद्रात वीज साठवायच्या दोन सोयी आहेत. एका खोलीत बॅटऱ्यांच्या रांगा. त्या तासन्‌तास पुरतात. शेजारच्या कपाटात कपॅसिटर. त्यात फार मावत नाही, पण वारा अचानक वाढला की पहिला धक्का तोच झेलतो. पुढचं बॅटऱ्या बघतात. कुणी किती भार घ्यायचा ते संगणक ठरवतो आणि संगणकाला काय सांगायचं ते माझी पुतणी. ती इथली इंजिनिअर, मी पाळीवरचा ऑपरेटर.

बॅटऱ्या पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवायच्या, हा तिचा नियम. मला तो पटत नव्हता. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असते आणि ते यंत्र आमच्याच लाइनवर चालतं. मिळणारी वीज सोडून का द्यायची?

"काका, पोट गच्च भरलं की पुढचा घास जाणार कुठे?"

"मला जेवायला शिकव आता."

बुधवारी ती बैठकीला बाहेर गेली. तिचा पासवर्ड मला ठाऊक होता, आईची जन्मतारीख. मी मर्यादा शंभर केली. दुपारी एकला बॅटऱ्या काठोकाठ भरल्या आणि मी निवांत डबा उघडला.

दोनला वारा उसळला. कपॅसिटरने वीसेक सेकंद वीज गिळली आणि तोही भरला. बॅटऱ्यांत तसूभर जागा नव्हती. पवनचक्क्या आवरेपर्यंत व्होल्टेज चढलं, स्विच पडले आणि सगळी लाइन बंद झाली.

मी वहिनीला फोन लावला.

"शेजारीण सिलिंडर जोडतेय," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही तिकडचं बघा, भावजी."

बावीस मिनिटांनी लाइन सुरू झाली.

संध्याकाळी पुतणी आली आणि नोंदी बघत बसली.

"मर्यादा बदलल्याची नोंद माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "वरून खुलासा मागितलाय. मी दमले असेन. पण हात लावल्याचं आठवत कसं नाही?"

तिला स्वतःचाच संशय येत होता. मी गप्प राहिलो असतो तर तिने तो खराही मानला असता.

"मी केलं," म्हणालो.

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. "आईला सांगितलंत?"

"नाही."

"आधी तिला सांगा. खुलासा मग लिहा, तुमच्या हाताने."

वहिनी खिडकीशी बसली होती, नाकात नळी. मी पासवर्डासकट सगळं सांगितलं.

"माझ्या काळजीने केलंत, ते कळतं," ती म्हणाली. "पण दम मला लागला होता, भावजी."

तिने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला आणि मी तिथेच, तिच्यासमोर, खुलासा लिहायला बसलो.