अंगठ्याचे ठिगळ

मी एक जुना चेंडू आहे, मित्रांनो. चेंडू म्हटले की तुम्हाला उड्या मारणारा, खिडक्यांच्या काचा फोडणारा गडी आठवेल. तो मी नव्हे. मला उडी मारता येत नाही आणि मला झेलायला जाल तर पायाचा अंगठा गमावून बसाल. मी बोलिंगचा चेंडू. लांबलचक, गुळगुळीत लाकडी पट्टीवरून घरंगळत जायचे आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या पांढऱ्या पिना पाडायच्या, एवढेच माझे काम. रंग गडद निळा, अंग जड आणि स्वभावही, खोटे कशाला बोलू, थोडा जडच.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर एकही भोक नव्हते. बिनभोकाचा चेंडू म्हणजे नुसता गोळा. तो कुणाच्याच हातात बसत नाही. मला एका सुतारांनी निवडले. रंधा मारून मारून त्यांचा खांदा शिणला होता, म्हणून त्यांनी माझ्यासारखा बेताच्या वजनाचा चेंडू पसंत केला. बोलिंगच्या हॉलमागे एका खोलीत चेंडूंना भोके पाडून देणारे कारागीर बसत. त्यांना सगळे गिरमिटकाका म्हणत. त्यांनी मालकांच्या पंजाचे माप घेतले आणि मला तीन भोके पाडली, दोन बोटांची आणि एक अंगठ्याचे. काय तो सुताराचा अंगठा! हातोडीचा मार खाऊन खाऊन रुंद झालेला. ते भोक दुसऱ्या कुणाच्याच कामाचे नव्हते. मला त्याचा भारी अभिमान वाटे.

मालकांचा खेळ बघत राहावा असा होता. ते पहिले पाऊल सावकाश टाकत आणि मला पुढे ढकलून देत. मग माझ्याच वजनाने हात खाली येई, मागे जाई, पुन्हा पुढे येई. त्यांनी मला कधी ओढले नाही. शेवटच्या पावलाला त्यांचा डावा बूट जमिनीवरून अलगद सरकत जाई, त्याच वेळी अंगठा सुटे, मागोमाग बोटे सुटत आणि मी पट्टीवर टेकलो हे मलाच कळत नसे. आजूबाजूचे लोक आपला खेळ थांबवून पाहत. मी पिना पाडून परत आलो की मालक मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "शाब्बास रे गब्रू."

मग मालक आजारी पडले. एका हिवाळ्यात ते गेले.

मला पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवले गेले. कपाट बाईंच्या शिवणाच्या खोलीत होते. बाई म्हणजे मालकांची बायको. त्या लोकांचे कोट दुरुस्त करत आणि रफू तर असे करत की फाटले कुठे होते ते गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवता येऊ नये. मला अंधारात फक्त मशीनचा आवाज ऐकू येई. पूर्वी त्या आवाजात मधेमधे गप्पा असत, हसणे असे. आता मशीन थांबले की घरात काहीच उरत नसे. कधी कधी बाई शिवायला काही नसतानाही मशीन चालवत. मला ते ऐकून फार वाईट वाटे. एकाच कपाटाच्या दोन बाजूंना आम्ही दोघे एकाच माणसाची वाट पाहत होतो आणि एकमेकांना काही सांगू शकत नव्हतो.

एक दिवस बाईंच्या नणंदबाई आल्या. त्या मालकांच्या चमूत खेळत.

"वहिनी, दादाचा बॉल मला दे. मी काचेच्या कपाटात ठेवते. धूळही बसू द्यायची नाही."

"काचेत कशाला? तो काय फुलदाणी आहे?" बाई म्हणाल्या. "मी खेळेन त्याने."

"तू? बरं, ये खेळायला. दादाची जागा रिकामीच आहे. पण हॉलमधला एखादा हलका बॉल घे गं."

"नको. मला ह्यांचाच हवाय."

अशा रीतीने दर शनिवारी संध्याकाळी बाई मला घेऊन हॉलमध्ये येऊ लागल्या. आठवड्यातून तेवढाच वेळ त्या माणसांत असत. मीही खूश होतो. पण माझा आनंद फार टिकला नाही. बाईंचा अंगठा सुईसारखा बारीक. मालकांच्या भोकात तो विहिरीत पडलेल्या बादलीसारखा डुगडुगे. मी निसटेन या भीतीने त्या मला जिवाच्या आकांताने आवळून धरत, घाईघाईने पुढे येत आणि हाताने ओढून मला फेकत. मग अंगठा वेळेवर सुटत नसे आणि मी धप्पकन आपटून थेट कडेच्या पन्हळीत जाऊन पडे. शेजारच्या पट्टीवरचे लोक दचकत. पन्हळीतून जाताना मला एकही पिन दिसत नसे, फक्त लाज वाटे.

बाईंचा अंगठा सुजू लागला. सुई धरताना त्या ओठ चावत. एका कोटाची बाही त्यांना उसवून परत शिवावी लागली. नणंदबाईंनी ते पाहिले.

"वहिनी, बास कर आता. हात गेला तर खाशील काय?"

खेळ सोडला तर बाईंचा शनिवारही मशीनबरोबरच जाणार होता, आणि नाही सोडला तर मशीनही जाणार होते.

मग त्यांनी शिंपिणीलाच सुचेल असा उपाय केला. कोटाला लावतात तसे अस्तर त्यांनी माझ्या अंगठ्याच्या भोकाला लावले. मऊ मखमल, बारीक टाके, कडेने डिंक. दिसायला फार देखणे काम होते. पण शनिवारी हात पुढे आला तेव्हा अस्तर अंगठ्याला चिकटूनच बाहेर आले आणि मी भलत्याच दिशेला सुटून शेजाऱ्यांच्या पट्टीवर गेलो. त्यांच्या सगळ्या पिना पाडल्या, तेवढाच काय तो पराक्रम! लोक पोट धरून हसले. बाईही हसल्या, अंगठ्यावर ती मखमली टोपी तशीच ठेवून. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्या पाठ फिरवून बाकावर बसल्या.

गिरमिटकाका हात पुसत बाहेर आले. ते मालकांचे जुने दोस्त. "वहिनी, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. जुनी भोकं बुजवू, तुमच्या मापाची नवी पाडू."

"भाऊजी, तेवढं नका सांगू. त्यांची बोटं आहेत ती."

"दादाची जागा बुजवायची? अजिबात नाही!" नणंदबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मीही मनातून तेच ओरडत होतो. त्या भोकाच्या भिंती मालकांच्या अंगठ्याने गुळगुळीत केल्या होत्या. त्या बुजल्या तर माझ्याजवळ त्यांचे काय उरणार होते?

बाईंनी मला मांडीवर घेतले. कितीतरी वेळ त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. मग त्यांनी सुजलेला अंगठा आत घातला.

"अंगठा घालून बघ गं," त्या नणंदेला म्हणाल्या. "आत ते नाहीत. नुसती पोकळी आहे. ती धरून ठेवायला मी एवढी आवळतेय."

नणंदबाईंनी आपला अंगठा आत घातला. त्यांनी वहिनीचा सुजलेला हात हातात घेतला आणि फुंकर घातली.

काकांनी माझ्या भोकांत दाट रस ओतला. तो वाळून दगडासारखा झाला. मग घासून त्यांनी मला पुन्हा गुळगुळीत केले आणि शेजारी बाईंच्या मापाची नवी भोके पाडली. भराव मात्र फिकट दिसत होता, गडद निळ्यावर तीन गोल ठिगळे.

"रंग मिळवून देऊ का?" काकांनी विचारले. "कळणारसुद्धा नाही."

"नको, भाऊजी. जन्मभर रफू दिसू नये म्हणून खपले. हे दिसू दे."

सूज उतरल्यावर बाई पुन्हा आल्या. भोक आता अंगठ्याला नेमके बसत होते, पण आवळायची सवय काही जाईना. पुन्हा घाई, पुन्हा धप्प. काका शेजारी उभे होते.

"वहिनी, मशीनवर शिवताना तुम्ही कापड ओढता का?"

"छे! ओढलं तर सुई मोडते. कापड आपलं आपण सरकतं, आपण नुसता हात ठेवायचा."

"मग ह्याला का ओढता?"

बाई थबकल्या. परत जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. पहिले पाऊल त्यांनी सावकाश टाकले आणि मला पुढे ढकलून सोडून दिले. माझ्याच वजनाने हात खाली आला, मागे गेला, पुढे आला. डावा बूट सरकला. अंगठा सुटला, मागोमाग बोटे. मी पट्टीवर टेकलो, आणि मला कळलेच नाही.

सगळ्या पिना पडल्या नाहीत, मित्रांनो. कडेच्या दोन उभ्या राहिल्या. पण मी परत आलो तेव्हा बाई आणि नणंदबाई एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि काका उगाचच चष्मा पुसत होते.

मला अजूनही एकटे वाटते. मालकांच्या हाताची आठवण काही भरावाने बुजत नाही. मला 'गब्रू' म्हणणारे आता कुणी नाही. पण काचेच्या कपाटात असतो तर मी नुसता आठवण होऊन राहिलो असतो. आज मी पुन्हा कुणाचा तरी चेंडू आहे. म्हणून तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल, तर ती नुसती जपून ठेवू नका. तिला पुसा, दुरुस्त करा, आपल्या मापाची करून घ्या आणि कामाला लावा. आम्हाला धुळीपेक्षा हात आवडतात.

शनिवार आला की बाई मला उचलतात. नव्या भोकात अंगठा घालण्याआधी त्या तो जुन्या, फिकट ठिगळावर क्षणभर टेकवतात. मग पहिले पाऊल सावकाश टाकतात आणि मला सोडून देतात.